कंटेनरमधील वेब सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मालाच्या नोंदींचे, फ्लास्क या पायथॉनच्या वेब-चौकटीत बनवलेले ॲप मी तेथील लिनक्स संगणकावर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे ॲपला संगणकापासून वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यात, चालवतो. कंटेनर कसा बनवायचा हे सांगणाऱ्या डॉकरफाइलमध्ये ‘एक्स्पोज ५०००’ लिहिले आहे, कंटेनरही चालू दिसतो. तरी त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्येसुद्धा पान उघडत नाही. ते नवी पेठेतील दुकानातून पाहायचे असल्यास काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘एक्स्पोज’ ही ओळ केवळ माहितीपुरती असते, तिच्यामुळे पोर्ट (ॲपशी जोडणी होण्याचे क्रमांकित दार) बाहेर खुले होत नाही. त्यासाठी ‘डॉकर रन’ या आज्ञेला ‘-पी ५०००:५०००’ हा पर्याय, पी हे अक्षर लहान लिपीतच ठेवून, द्यावा लागतो. डावीकडचा आकडा संगणकावरील पोर्टचा, उजवीकडचा कंटेनरमधील पोर्टचा.

एवढ्याने मात्र भागणार नाही. वेगळे काही सांगितले नसेल, तर फ्लास्क १२७.०.०.१ याच पत्त्यावर ऐकतो, आणि कंटेनरचे नेटवर्क स्वतंत्र असल्यामुळे तेथे हा पत्ता आपल्या संगणकाचा नसून कंटेनरचा स्वतःचा ठरतो. म्हणून ॲप सुरू करताना होस्ट, म्हणजे ऐकण्याचा पत्ता, ०.०.०.० (सर्व पत्ते) असा द्यावा. नेमके काय राहिले आहे, हे त्याच संगणकावर ‘कर्ल’ ही वेब-पत्त्याला विनंती पाठवणारी आज्ञा चालवून कळते. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर पोर्ट खुले झालेले नाही. जोडणी होऊन उत्तराविना तुटली, तर बहुधा ॲप चुकीच्या पत्त्यावर ऐकत आहे.

चालू कंटेनरला ‘-पी’ हा पर्याय नंतर जोडता येत नाही, कंटेनरच नव्याने बनवावा लागतो. आपल्या नोंदींची फाइल कंटेनरच्या आतच असेल, तर जुना कंटेनर काढताच ती नष्ट होईल. कृपया आधी ‘डॉकर सीपी’ या आज्ञेने तिची प्रत घ्यावी आणि यापुढे ती व्हॉल्यूममध्येच, म्हणजे कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या डॉकरच्या साठ्यात, ठेवावी.

कारखान्याच्या वायफायवरील मोबाइलला संगणकाचा स्थानिक पत्ता पुरेल. नवी पेठेतून तो उपयोगाचा नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी या संगणकाकडे वळवणे, करता येते, परंतु सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल तर तेही चालत नाही, आणि फ्लास्कचा केवळ ॲप तयार करतानाच्या वापरापुरता असलेला सर्व्हर असा इंटरनेटवर उघडा ठेवूही नये. टेलस्केलसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ठिकाणे जोडणारे खासगी नेटवर्क) दोन्ही ठिकाणी बसवणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. यूएफडब्ल्यू या लिनक्सवरील फायरवॉलने पोर्ट बंद केले आहे, या भरवशावर राहू नये, कारण डॉकरने खुले केलेले पोर्ट त्या नियमांना वळसा घालून जाते. बंधन हवे असल्यास ‘-पी’ नंतर पोर्टच्या आधी संगणकाचा नेमका पत्ता लिहावा.