घरच्या घरी टार्गेट: आधी एवढंच करा

धनुष्यबाणाच्या सरावासाठी पहिलं टार्गेट स्वतः बनवायचं ठरवलंत, फार छान! धनुष्य साधं असेल तर रद्दी पुठ्ठा पुरतो. जाड खोक्यांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा, एकावर एक रचा, वर-खाली फळी ठेवून पट्ट्याने करकचून आवळा. पुठ्ठ्याच्या कडा तुमच्याकडे आल्या पाहिजेत, सपाट बाजू नाही. बाण दोन थरांमध्ये घुसतो आणि घर्षणाने थांबतो, म्हणून सगळी मदार आवळण्यावर आहे. महिनाभराने थर सैल पडतात, तेव्हा पुन्हा आवळा.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे जुन्या कपड्यांनी ठासून भरलेलं पोतं. बटणं, चेन, हूक आधी काढा. धातूवर आपटलेला बाण उलटा येतो.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- लगेच मागे कडक प्लायवूड लावणं. बाण आरपार गेला तर टोक त्यात रुततं किंवा बाणाची काडी मोडते.
- थर्माकोल वापरणं. घर्षणाच्या उष्णतेने तो वितळून काडीला चिकटतो.
- टार्गेट छोटं करणं. सुरुवातीला निदान दोन-अडीच फूट रुंद हवंच, नेम चुकणारच आहे.
- रोज एकाच ठिकाणी मारणं. नेम धरण्यासाठी टार्गेटवर लावलेला कागद सरकवत राहा.

टार्गेटमागे मातीचा बांध किंवा रिकामी, कुणीही न फिरकणारी जागा हवी. यात तडजोड नको. बाण उपसताना तुमच्या मागे कुणी उभं नाही ना, तेही बघा. धारदार पात्याच्या टोकांचा विषय सध्या सोडा, साधी टोकंच वापरा.