स्कॉटलंडमधली कार्ड्रॉसची सेंट पीटर्स सेमिनरी (धर्मगुरू घडवणारं कॉलेज) १४ वर्षांतच का बंद पडली? इमारत सदोष होती म्हणून?

मुख्य कारण इमारत नव्हे, विद्यार्थ्यांचा तुटवडा. सुमारे १०० भावी कॅथलिक धर्मगुरूंसाठी बांधलेली ही वास्तू १९६६ मध्ये सुरू झाली, पण कधीच पूर्ण भरली नाही. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) धर्मगुरूंचं शिक्षण आडबाजूला नको, लोकवस्तीत व्हावं असं मत बळावलं होतं. म्हणजे उद्घाटनालाच ती कालबाह्य! १९८० मध्ये कॉलेज बंद झालं, पुढे काही वर्षं तिथे व्यसनमुक्ती केंद्र चाललं. अर्थात इमारतही निर्दोष नव्हती: गळती आणि देखभालीचा खर्च यांनी चर्च जेरीस आलं होतंच. गंमत म्हणजे ओस पडल्यावर, १९९२ मध्ये, तिला वारसा वास्तूंची सर्वोच्च ‘ए’ श्रेणी मिळाली. आवारातलं जुनं किलमाह्यू हाउस मात्र १९९५ च्या आगीनंतर पाडलं गेलं.