मस्टँगला ब्लोअर बसवू की सरळ जीटी५०० घेऊ?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१९ ची फोर्ड मस्टँग जीटी, मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेजवाली, ३८,००० मैल झालेली, कर्ज फिटलेलं. मिशिगनमधल्या नोव्हीहून रोज आय-९६ हायवेने ऑफिस आणि उन्हाळ्यात दोन-तीनदा जिंजरमन या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायची. आता हात शिवशिवताहेत. एक तर सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवून ७०० हॉर्सपॉवर करायची, नाहीतर ही विकून, वर पैसे घालून सेकंडहँड शेल्बी जीटी५०० (कंपनीतूनच ब्लोअर असलेली मस्टँग) किंवा शेवरलेची तशीच कॅमॅरो झेडएल१ घ्यायची. मित्रांचं म्हणणं, "ब्लोअर टाक, अर्ध्या पैशात तेवढीच पॉवर."

पॉवरपुरतं मित्रांचं बरोबर आहे. तुमच्या पाच लिटर कोयोटी इंजिनाची कंपनीची पॉवर ४६०. चांगला किट बसवला, ९३ ऑक्टेनचं पेट्रोल घातलं आणि ट्यून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग, नीट केलं तर ७०० फारसं अवघड नाही. जीटी५०० ची ७६०, झेडएल१ ची ६५०. कागदावर तुम्ही दोघींच्या मधोमध, आणि खिशात निम्मे पैसे शिल्लक. मीही हाच हिशेब केला होता, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

माझी २०१५ ची जीटी होती, ४३५ हॉर्सपॉवरची. २०१७ च्या वसंतात तिला ब्लोअर बसवला. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, चाकांपाशी ५९० निघाले, इंजिनापाशी त्याहून जास्तच. तो कागद मी काही महिने पाकिटात घेऊन फिरत होतो, लोक मुलांचे फोटो ठेवतात तसा. पहिले तीन आठवडे विचारू नका. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागची चाकं सुटायची आणि बायको "अहो!" एवढंच म्हणायची, पण ते डोंबिवलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

मग जुलैत क्लार्कस्टनच्या वॉटरफर्ड हिल्सला गेलो. छोटा ट्रॅक, दीड मैलाचा. बाहेर ९० फॅरनहाइट. पहिला लॅप स्वप्नासारखा. दुसऱ्या लॅपला इनटेकच्या हवेचं तापमान १४० दाखवत होतं, तिसऱ्याला १६५. ब्लोअर हवा दाबतो, दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेने नॉकिंग होऊ नये (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनाला आतून ठोके बसू नयेत) म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे तो इंजिन वाचवतो आणि पॉवर काढून घेतो. चौथ्या लॅपला पाय तळाला टेकलेला होता आणि गाडी आजारी म्हशीसारखी चढत होती. आरशात एक माझदा मियाटा दिसायला लागली. १५५ हॉर्सपॉवरची. सरळ रस्त्यावर खिडकीतून हात काढून तिला "जा बाई पुढे" अशी खूण करावी लागली. पाकिटातला कागद त्या दिवशी घरी गेल्यावर ड्रॉवरमध्ये टाकला.

खरं म्हणजे हा धडा मला पुण्यातच मिळाला होता. कॉलेजात असताना आरएक्स १०० होती. नाना पेठेतून वेगळा सायलेन्सर आणला, एका मिस्त्रीकडून पोर्ट घासून घेतले, आणि अकरा हॉर्सपॉवरची गाडी जरा जास्तच पळायला लागली. महिन्याभरात कात्रजच्या चढावर पिस्टन चिकटला. मिस्त्रीने बोअर उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पळवलीस, पण थंड कोण करणार होतं?" पंचवीस वर्षांनी मिशिगनमध्ये तेच वाक्य मला १४ हजार डॉलरना पडलं.

गणित साधं आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, साधारण तेवढाच पाण्यातून रेडिएटरकडे, बाकीचा सायलेन्सरमधून बाहेर. म्हणजे इंजिनातून २०० हॉर्सपॉवर जास्त काढली, तर जवळजवळ तेवढीच जास्तीची उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. २०० हॉर्सपॉवर म्हणजे दीडशे किलोवॅट. बाथरूमच्या गिझरच्या हिशेबाने दोन किलोवॅटचे पंचाहत्तर गिझर बॉनेटखाली चालू केल्यासारखं. रस्त्यावर हे कधीच कळत नाही, कारण पूर्ण पाय तुम्ही पाच-सहा सेकंद दाबता आणि मग समोर ट्रक येतो. आय-९६ वर ताशी सत्तर मैलांनी जायला गाडीला पंचवीसेक हॉर्सपॉवर पुरते. ट्रॅकवर मात्र वीस मिनिटांच्या सेशनमध्ये तो पाय पुन्हा पुन्हा तळाला जातो. आणि तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) १२ ला १ आहे, माझं ११ ला १ होतं. ते जितकं जास्त, तितकी नॉकिंगची भीती जास्त. ब्लोअरच्या दृष्टीने तुमची गाडी माझ्यापेक्षा जास्त नाजूक.

आता कंपनीच्या गाड्या बघा. झेडएल१ मध्ये लहानमोठे ११ हीट एक्सचेंजर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटरसारखे भाग, आहेत. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर), इंटरकूलर (ब्लोअरची तापलेली हवा थंड करणारा), सगळ्यांची सोय वेगळी. पुढच्या जाळीवरचा शेवरलेचा बो-टाय, म्हणजे तिचा लोगो, जवळ जाऊन नीट बघा. तो आतून पोकळ आहे, नुसती चौकट. त्या टीचभर भोकातूनही रेडिएटरकडे हवा जाऊ द्यावी असं कुणा इंजिनिअरला वाटलं आणि कंपनीने त्यासाठी स्वतःचा लोगो कोरायला परवानगी दिली. जीटी५०० च्या बॉनेटवर ३१ बाय २८ इंचाचा झरोका आहे. त्याखाली पावसाचं पाणी अडवणारा ट्रे असतो, ट्रॅकवर जाताना तो काढून ठेवायचा. पुढच्या ब्रेक डिस्क साडेसोळा इंचांच्या. डायनोच्या कागदावर यातलं काहीही छापून येत नाही, आणि तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते नेमके याचे.

कंपनीचा बिल्ला असला म्हणजे सगळं आलं असंही समजू नका. २०१६ च्या शेल्बी जीटी३५० (हीही मस्टँगच, पण ब्लोअर नसलेली) च्या बेस आणि टेक्नॉलॉजी पॅकेजवाल्या गाड्यांना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर दिले नव्हते. ट्रॅकवर त्या तापून लिंप मोडमध्ये जायच्या, म्हणजे आपणहून लंगडायला लागायच्या. मालक कोर्टात गेले. २०१७ पासून फोर्डने कूलर सगळ्याच जीटी३५० मध्ये द्यायला सुरुवात केली. इंजिन तेच, ५२६ हॉर्सपॉवरचं, ८,२५० आरपीएमपर्यंत ओरडणारं. फरक दोन कूलरचा. सेकंडहँड जीटी३५० बघणार असाल तर २०१६ ची गाडी घेताना खाली वाकून कूलर आहेत का ते बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

पैशांचं सांगतो. माझी वही अजून आहे. किट ७,२०० डॉलर. बसवणं आणि ट्यून २,३०० (दुकानदाराचं नाव विचारू नका, त्याची चूक नव्हती). सहा महिन्यांत क्लच घसरायला लागला, कारण तो वाढीव टॉर्कसाठी बनलेलाच नव्हता, १,४५०. मोठा हीट एक्सचेंजर ९००. मग कोयोटीच्या ऑइल पंपाच्या गिअरची भीती बसली. ते सिंटर्ड, म्हणजे दाबून भाजलेल्या धातूच्या भुकटीचे असतात आणि ब्लोअरवर चालणारं इंजिन रेव्ह लिमिटरवर (फिरण्याच्या कमाल मर्यादेवर) आपटत राहिलं तर फुटू शकतात. पंपाचे गिअर फुटले म्हणजे ऑइल प्रेशर गेलं, पुढचं सांगायला नको. ते बदलायला इंजिनचं पुढचं सगळं खोलावं लागतं, १,९०० डॉलर. बेरीज १३,७५०, टायर वेगळे. तुम्हाला आज कोणी नऊ हजारांचा किट दाखवत असेल तर "नऊ हजारांत ७०० हॉर्सपॉवर" हे वाक्य तिथेच सोडा आणि सोळा-सतरा धरून चाला.

आणि विकताना? गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला, "कुणी ट्यून केलंय?" आणि दुसऱ्या वाक्यात भाव पाडला. दुसऱ्याने केलेल्या हौसेचे पैसे कोणी देत नाही. शेवटी किट उतरवला, गाडी मूळ रूपात विकली, किट वेगळा ३,४०० ला गेला. उलट जीटी५०० दहा जणांना दाखवा, दहाही जणांना ती काय आहे हे आधीच माहीत असतं.

इन्शुरन्सवाल्याला ब्लोअरचं सांगा, हेही जाता जाता. न सांगता ठोकली तर किटचे पैसे विसरा, क्लेमही लटकू शकतो. मिशिगनमध्ये एमिशन टेस्ट नाही म्हणून आपण निवांत असतो. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी किटला तिथल्या एअर बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, आहे का ते आधी पाहावं, कारण तिथे २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (धुराच्या तपासणीत) कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही तपासतात. आणि पुण्या-मुंबईत मस्टँग बाळगणाऱ्या भाग्यवंतांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) आणि आरटीओ आठवावं.

मग मॉडिफाय करूच नये का? तसं मी म्हणणार नाही. मसल कारचा, म्हणजे साध्या गाडीत मोठं इंजिन घातलेल्या अमेरिकन गाड्यांचा, जन्मच त्या खटपटीतून झाला. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ म्हणजे टेम्पेस्टमध्ये ३८९ क्युबिक इंचांचं मोठं इंजिन, ऑप्शन म्हणून. पेन्सिल्व्हेनियातला डॉन येन्को हा शेवरलेचा डीलर आपल्या दुकानात कॅमॅरोंमध्ये ४२७ क्युबिक इंचांचं इंजिन कोंबायचा, आणि १९६९ ला शेवरलेच त्याला खास ऑर्डरीवर कारखान्यातून ४२७ घातलेल्या गाड्या द्यायला लागली. तुमचा प्रश्न तेव्हाच्या गिऱ्हाइकांनाही पडला असणार. आजही कोणी म्हणालं की मी फक्त ड्रॅग स्ट्रिपवर जातो, पाव मैल आणि घरी, तर मी डोळे झाकून ब्लोअर सांगेन. दहा-अकरा सेकंदांत तापायला वेळच नसतो, दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडून ठेवायचं, इंटरकूलरवर बर्फाची पिशवी टाकायची. शिवाय शनिवारी गॅरेजमध्ये हात काळे करण्यात ज्याला सुख आहे, त्याला पैशांचा हिशेब सांगणारा मी कोण? गणपतीचं मखर विकत मिळतं म्हणून घरी करणारे थांबत नाहीत.

पण तुम्ही लिहिलंय की ट्रॅकवर जाता, गाडी एकच आहे, रोज तीच लागते, आणि "मॅन्युअल सोडायची नाही". मॅन्युअलच्या अटीने जीटी५०० आपोआप कटली. ती फक्त सात गिअरच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये आली, मॅन्युअल दिलीच नाही. शिवाय वजन ४,१७० पौंडांच्या आसपास. सरळ रेषेत राक्षस, पण वळणावर तिचं अंग कळतं आणि टायर-ब्रेकच्या बिलावर त्याहून जास्त कळतं. झेडएल१ मॅन्युअलमध्ये मिळते. कॅमॅरोचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालंय, तेव्हा जी घ्याल ती जुनीच.

मी काय केलं ते सांगतो. जीटी विकल्यावर मी कॅमॅरो एसएस १एलई घेतली. ४५५ हॉर्सपॉवर, ब्लोअर नाही. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तिन्हींचे कूलर कंपनीतूनच. डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) मॅग्नेटिक, मागे ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर. जुन्या गाडीपेक्षा दीडशेच्या वर हॉर्सपॉवर कमी, आणि त्याच वॉटरफर्डला मी दोन सेकंदांनी जास्त वेगवान. मुख्य म्हणजे विसाव्या मिनिटालाही ती पहिल्या मिनिटासारखीच चालते. दोष? बाहेरचं दिसत नाही, खिडक्या किल्ल्याच्या जंग्यांसारख्या आहेत. उन्हाळी टायर थंडीत दगडासारखे होतात, नोव्हेंबरपासून दुसरा सेट लागतो. ते झेडएल१ ला आणि जीटी५०० लाही चुकत नाही. बायकोचं "अहो!" मात्र कमी झालंय. याचं मला थोडं वाईट वाटतं.

तुमच्या जागी मी ब्लोअर घेणार नाही आणि जीटी५०० ही नाही. मॅन्युअल झेडएल१ नीट सर्व्हिस हिस्ट्रीसह मिळाली तर ती, किंवा कूलरवाली जीटी३५०. दोन्हीतली कुठलीही मनासारखी मिळेपर्यंत हीच जीटी चालवा, तिच्यावर चांगले ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, ऑइल कूलर आणि टायर एवढाच खर्च करा. तुमच्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, टॉर्सन डिफरन्शियल आणि मोठा रेडिएटर आधीच आहेत. ती गाडी तुम्ही अजून पूर्ण वापरलेली नाही, असं तुमच्या ट्रॅक डेच्या आकड्यावरून मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

मे महिन्यात मी जिंजरमनला जाणार आहे. आलात तर एक सेशन माझ्या शेजारी बसा, जास्तीचं हेल्मेट आहे माझ्याकडे. मग एक सेशन मी तुमच्या गाडीत बसतो. फक्त येण्याआधी ब्रेक फ्लुइड बदलून या, पहिल्या वळणाला मला ब्रेक न लागता ट्रॅकबाहेर जायचं नाहीये.