सहकाऱ्याच्या लाइनवर बटण दाबलं तर काय होतं?

तुमचा प्रश्न असा: बँकेच्या ट्रेझरीत नुकतेच रुजू झाला आहात, डीलरबोर्डवर (डीलरच्या अनेक लाइनच्या फोनवर) एकच लाइन सहाजणांना दिसते, सहकारी बोलत असताना ते बटण दाबलं तर काय होतं आणि कॉन्फरन्स यापेक्षा वेगळी कशी. मुंबईत बरीच वर्षं इंटरबँक फॉरेक्स डेस्कवर काढली आहेत, तेव्हा डॉलर-रुपयाच्या अनुभवावरून सांगतो.

बटण दाबलं की तुम्ही सरळ त्या संभाषणात असता. रिंग वाजत नाही, कुणी परवानगी विचारत नाही. यालाच बार्ज म्हणतात. सहकाऱ्याने प्रायव्हसी लावली असेल तरच आत जाता येत नाही. ही सोय मुद्दाम केलेली आहे: ब्रोकरने लाइन वाजवली की सहाही बोर्डांवर दिवा लुकलुकतो, ज्याचा हात मोकळा तो उचलतो. भाव दोन मिनिटं थांबत नाही, म्हणून डेस्कची लाइन कुणा एकाची नसते.

घोटाळा होतो तो दोघं एकाच वेळी बोलल्यावर. ब्रोकर म्हणतो, "पंचवीस-सव्वीस," म्हणजे बाजारात खरेदीचा भाव पंचवीस पैसे, विक्रीचा सव्वीस. रुपयाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून नुसते पैसे सांगतो. तुम्ही "माइन", म्हणजे "मी घेतले", म्हणता, त्याच क्षणी शेजारचाही "माइन" म्हणतो. ब्रोकरला दोन आवाज आले, म्हणजे त्याच्या लेखी दोन सौदे. दहा लाख डॉलरच्या सौद्यात एक पैसा म्हणजे दहा हजार रुपये. नको असलेले दहा लाख डॉलर गळ्यात पडले आणि बाजार चार पैसे खाली आला, की चाळीस हजार गेले. म्हणून आमच्या डेस्कवर पद्धत पक्की होती: ज्याने लाइन उचलली तोच भाव घेणार, बाकीचे ऐकणार, माइक बंद ठेवून. त्याला थांबवायचं असेल तर लाइनवर नाही, टेबलावरून हाक मारायची. रकमेसकट सौदा मोठ्याने परत म्हणून घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्यालाही पोझिशन, डेस्ककडे किती डॉलर घेतलेले-विकलेले आहेत ते, कळते.

कॉन्फरन्समध्ये तुम्ही दोन वेगळ्या लाइन एकमेकींना जोडता. आता त्या दोन्ही पार्ट्या परस्परांना ऐकतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते. निर्यातदार ग्राहक एका हँडसेटवर, ब्रोकर दुसऱ्यावर, आणि घाईत दोघं जोडले गेले, तर कोण किती डॉलर विकायला बसलंय हे बाजाराला कळलं. ग्राहकाने ती माहिती तुमच्या विश्वासावर दिलेली असते. ग्राहक आणि ब्रोकर कधीही एकत्र जोडू नका, कितीही घाई असो. ग्राहकाला होल्डवर ठेवा, भाव घ्या, परत या. शाखेचा मॅनेजर आणि त्याचा ग्राहक, किंवा सौद्याबद्दल वाद असेल तर बॅक ऑफिस (सौद्यांची नोंद-पडताळणी करणारा विभाग) आणि ब्रोकर, अशांसाठी कॉन्फरन्स उत्तम. आणखी एक: काही बोर्डांवर तुम्ही फोन ठेवला तरी उरलेले दोघं जोडलेलेच राहतात. दिवे विझलेत का ते पाहूनच पुढच्या कॉलला हात घाला.

हूट, म्हणजे सतत उघडी असलेली स्पीकर लाइन, हा तिसरा प्रकार. तिथे रिंग नाही की डायल नाही, बोललात की पलीकडच्या सगळ्या डेस्कवर आवाज जातो. माइकचं बटण दाबून धरा, लॅच करू नका, म्हणजे चालू स्थितीत अडकवून ठेवू नका. लॅच राहिला की शेजारी ग्राहकाशी काय बोलतोय तेही पलीकडे जातं.

रेकॉर्डिंग सगळ्याचं होतं, ते गृहीत धरा. भारतात डीलिंग रूमचे फोन रेकॉर्ड करण्याची पद्धत रूढ आहे, आणि युरोपात मिफिड-२ या वित्तीय बाजारांच्या कायद्याने ३ जानेवारी २०१८ पासून त्याखाली येणाऱ्या सौद्यांचे कॉल रेकॉर्ड करून किमान पाच वर्षं जपणं बंधनकारक केलं आहे. २०१७ च्या एफएक्स ग्लोबल कोडचाही, म्हणजे परकीय चलन बाजाराच्या आचारसंहितेचाही, रोख हाच: मंजूर केलेल्या माध्यमावरच बोला, ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर जाऊ देऊ नका. आणि बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग तुमच्या लॉगिनवर जमा होतं, त्यामुळे माइक बंद ठेवून नुसतं ऐकलंत तरी त्या वेळी लाइनवर कोण होतं ते दिसतं. खासगी मोबाइलवर भाव विचारायचा नाही, मित्र असला तरी.

उद्यापासून एक करा. नऊला बाजार उघडण्याआधी प्रत्येक ब्रोकर लाइन उचलून "मॉर्निंग, टेस्ट" म्हणा, आणि त्यातलं एखादं रेकॉर्डिंग त्याच दिवशी बॅक ऑफिसकडून वाजवून घ्या. वाद झाल्यावर रेकॉर्डर बंद होता असं कळलं, तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.