'पुनर्प्राप्ती' की 'निष्कर्षण', आणि 'जुनी ऊती' म्हणजे कोणती?

नागपूरच्या मेडिकलमध्ये विकृतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, आपल्या मराठी निबंधाला 'जुन्या ऊतींतून डीएनएची पुनर्प्राप्ती' असे शीर्षक द्यावे काय. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षे राखलेल्या नमुन्यांतून वार्धक्याच्या संशोधनाला उपयोगी पडेल असा डीएनए मिळवणे, हा त्यांचा विषय आहे. या शीर्षकातील 'ऊती' हा शब्द अगदी योग्य आहे. तो 'वे' म्हणजे विणणे या संस्कृत धातूपासून आला असून 'ओतप्रोत'मधला 'ओत'ही त्याच धातूचा आहे. 'पुनर्प्राप्ती' आणि 'जुन्या' हे दोन शब्द मात्र बदलावेत, असे मला वाटते.

गमावलेली वस्तू पुन्हा आपल्या हाती येणे, ही 'पुनर्प्राप्ती'. गहाण टाकलेली जमीन सुटते तेव्हा तिचा बांध जिथे होता तिथेच असतो. डीएनएचे तसे होत नाही. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड असते. ते प्रथिने आणि डीएनए यांना एकमेकांशी जखडून टाकते, म्हणूनच ऊतीचा आकार टिकतो. पण त्याच काळात डीएनएचे धागे तुटत जातात आणि सायटोसिन या अक्षराचे काही ठिकाणी युरॅसिल होते, जे पुढे क्रम वाचताना थायमिन म्हणून नोंदले जाते. झायलिनने मेण विरघळवून, प्रोटिनेज-के या विकराने प्रथिने पचवून आणि उष्णता देऊन ती जखडण सैल केल्यावर हाती येतात ते बहुधा काहीशे अक्षरांचे किंवा त्याहूनही छोटे तुकडे. याला पुनर्प्राप्ती म्हटले, तर वाचकाला मूळचा सलग डीएनए परत मिळाल्याचा भास होईल.

म्हणून 'निष्कर्षण' बरे. त्यातला 'कृष्' धातू ओढण्याचा आणि नांगरण्याचा आहे, 'कृषी' आणि 'निष्कर्ष' हे त्याचेच सोयरे. बाहेर ओढून काढले एवढेच तो सांगतो, जे निघाले ते अखंड होते असा दावा करत नाही. 'विलगीकरण'ही चुकीचे नाही, परंतु करोनाच्या साथीनंतर त्या शब्दाने रुग्णाची वेगळी खोलीच डोळ्यांसमोर उभी राहते. निबंधाच्या मजकुरात क्रियापद हवे असेल, तर 'वेचणे' निःसंकोच वापरावे. कापूस वेचणाऱ्या विदर्भात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, आणि विखुरलेल्या तुकड्यांतून उपयोगाचे तेवढे घेणे ही क्रिया त्यात नेमकी उतरते.

'जुन्या' या शब्दाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण येथे अर्थाची गल्लत झाली तर संशोधनातही गल्लत होईल. इंग्रजीत माणूस आणि नमुना दोघांनाही 'एजिंग' हा एकच शब्द चालतो. मराठीत माणूस म्हातारा होतो आणि वस्तू जुनी होते. ८० वर्षांच्या व्यक्तीची ऊती गेल्या आठवड्यातली असू शकते, तर ३० वर्षांच्या व्यक्तीचा ब्लॉक २५ वर्षे कपाटात असू शकतो. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचे टोक, जे वयानुसार आखूड होत जाते. त्याची लांबी तुकड्यांच्या आकारावरून मोजताना तुकडा आखूड निघाला, तर तो वयाने झिजला की साठवणीत तुटला, हे आधी ठरवावे लागते. वार्धक्याचे संशोधक स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये मांडलेले, डीएनएवरील ३५३ स्थानांच्या मिथिलीकरणातून, म्हणजे सायटोसिनला जोडल्या जाणाऱ्या मिथिल गटांच्या प्रमाणातून, वयाचा अंदाज घेणारे घड्याळ अशा नमुन्यांवर लावतानाही हीच काळजी घ्यावी लागते, कारण सायटोसिनची उपरोक्त बिघाडी त्याच्या वाचनात मिसळू शकते.

तेव्हा व्यक्तीसाठी 'वय' आणि ब्लॉकसाठी 'साठवणकाळ' असे दोन शब्द निबंधभर कटाक्षाने वेगळे ठेवावेत, तक्त्यातही त्यांचे दोन स्वतंत्र स्तंभ करावेत. शीर्षक मी असे सुचवीन : 'मेणात जतन केलेल्या ऊतींतून वार्धक्य-संशोधनासाठी वापरण्याजोग्या डीएनएचे निष्कर्षण'. ते लांब झाले आहे खरे, पण 'वापरण्याजोग्या' हा शब्द मात्र गाळू नये.