ड्राइव्ह चालू झाला की मीटर बंद का पडतात?

प्रश्न: आमचं अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. सगळे एनर्जी मीटर आरएस-४८५ (डेटा नेणाऱ्या दोन तारांच्या) केबलने ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेत. सकाळी रीडिंग नीट येतात, पण कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) चालू झाला की टाइमआउट, नाहीतर भलतेच आकडे. मीटर बदलले, केबल कॉम्प्युटरला जोडणारा कन्व्हर्टरही बदलला. आता इलेक्ट्रिशियन म्हणतो महागाची शील्डेड (आत धातूचं वेष्टण असलेली) केबल टाका. टाकू का?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर: इतक्यात नको. आधी एक करा, साध्या ट्विस्टेड पेअरचा (एकमेकींना पिळलेल्या दोन तारांचा) तुकडा केबलच्या ट्रेपासून लांब, जमिनीवरून तात्पुरता ओढा आणि कॉम्प्रेसर लावा. रीडिंग नीट आली तर दोष केबलच्या जातीत नाही, तिच्या रस्त्यात आहे, आणि त्याच ट्रेमधून महागडी केबल नेली तरी दुखणं पूर्ण जाईल याची खात्री नाही.

होतं काय, ड्राइव्हमधले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, दर वेळी व्होल्टेज एकदम चढतं-उतरतं आणि त्यातून निघणारा नॉइज पार मेगाहर्ट्झपर्यंत जातो. ड्राइव्ह ते मोटर ही केबल मग अँटेनाच बनते आणि तिला खेटून तुमची कम्युनिकेशन केबल गेलेली असते, कारण ट्रे एकच असतो ना! दोघींत निदान फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

तारांचा पीळ फार महत्त्वाचा. पिळामुळे नॉइज दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो आणि रिसीव्हर फक्त दोघींतला फरक बघतो, म्हणून तो वजा होतो. टेलिफोनच्या लाइनसाठी ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. आणि आपल्याकडे पॅनल उघडून बघा, टर्मिनलजवळ वीतभर पीळ सोडून तारा मोकळ्या लोंबत असतात, शील्डची ड्रेन वायर (शील्डला अर्थशी जोडणारी उघडी तार) कापून वर टेप गुंडाळलेली. अशी शील्ड असून नसल्यासारखीच.

शील्डचं अर्थिंग सहसा पॅनलच्या एकाच टोकाला करा. शॉप आणि ऑफिसचे अर्थ पिट वेगळे असले तर दोन्हीकडे जोडलेल्या शील्डमधून ५० हर्ट्झचा करंट फिरायला लागतो, त्यात नाशिकचा पाषाण, उन्हाळ्यात पिट कोरडे पडतात, पाणी घालत जा. मोटरच्या केबलचं मात्र उलट, तिची शील्ड दोन्ही टोकांना आणि चहूबाजूंनी क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेली हवी, शेपटीसारखी लांब वायर काढून जोडलेली चालत नाही.

मीटर एकामागून एक साखळीत जोडा, फाटे फोडू नका. १२० ओहमचं रेझिस्टन्स फक्त दोन टोकांना, प्रत्येक मीटरला नाही. सगळी पॉवर बंद करून ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा, ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक राहिलंय, ४० आलं तर कुणीतरी मधेच एक जास्तीचं लावलंय.

एवढं करूनही त्रास राहिला तर बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) ९६०० वर आणा, मीटरच्या रीडिंगला तेवढा भरपूर झाला. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (त्यातले स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात ते) ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ करून बघा, मोटरचा आवाज थोडा वाढेल पण नॉइज कमी होतो. फेराइट रिंग (नॉइज दाबणारं कडं) घालायची तर मोटरच्या तिन्ही फेज एकत्र एकाच रिंगमधून, सुटी सुटी नाही. आणि ऑफिस दुसऱ्या शेडमध्ये असेल तर मधल्या टप्प्याला सरळ फायबर टाका, त्यात तांबंच नाही त्यामुळे अर्थचा प्रश्नही तिथेच सुटतो, फायबर परवडत नसेल तर निदान आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टर घ्या.