रोटरी इंजिनात कूलंटचा दाब कोठे मोजावा आणि कसा वाचावा

विमानात बसवण्यासाठी भोसरीच्या शेडमध्ये स्टँडवर चढवलेल्या आपल्या मझ्दा १३बी या रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या) इंजिनाला तापमानाचे दोन सेन्सर आधीच आहेत. मग कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, दाबाचे वेगळे गेज कशासाठी, आणि बसवायचेच तर जोडणी पंपाच्या पुढे घ्यावी की मागे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्या दोन सेन्सरांपैकी एक काढावा लागला तरी चालेल, दाबाचे गेज मात्र हवेच.

तापमानाचा सेन्सर स्वतःभोवती जे असेल त्याचे तापमान सांगतो. पाणी निघून जाऊन तेथे हवा किंवा वाफ उरली, तर काटा चढण्याऐवजी रेंगाळतो, कधी उतरतोही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्टँडवर खालचा होज क्लिपमधून निसटला, तेव्हा काटा ८८ अंशांवरून खाली येत होता आणि मी थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडा अडकला असावा, असे समजून निवांत उभा होतो. चपलेखाली गरम पाणी आले तेव्हा उलगडा झाला. दाबाच्या गेजचा काटा होज सुटताक्षणी पडला असता. नंतर इंजिन खोलले, तर पाण्याच्या सील रिंगा कडक होऊन गेल्या होत्या. या इंजिनात बिडाची साइड हाउसिंग (बाजूची कवचे) आणि ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग (ज्यांत रोटर फिरतो ती कवचे) लांब बोल्टांनी एकत्र आवळलेली असतात, ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि मधले पाणी अडवण्याचे काम त्या रिंगांवर असते. त्यामुळे एकदा जरी इंजिन बेसुमार तापले तरी ते पूर्ण खोलावे लागण्याची शक्यता मोठी.

विमानात उंचीचाही प्रश्न येतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि येथे साधे पाणी ९८ अंशांना उकळते. १०,००० फुटांवर ते ९० अंशांच्या आसपास उकळते. पाण्यात निम्मे ग्लायकॉल (उत्कलनबिंदू वाढवणारे द्रव) आणि ०.९ बारपर्यंत दाब धरणारे झाकण असेल तर समुद्रसपाटीला उत्कलनबिंदू सुमारे १२५ अंशांपर्यंत जातो. झाकण मात्र बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरते, म्हणून वर गेल्यावर ही सवलत घटते. आणि तेथे झाकणच गळू लागले, तर ९५ अंश दाखवणारे निर्धोक दिसणारे इंजिन उकळीच्या काठावर असते.

आता जोडणीविषयी. पंपाच्या पुढे, म्हणजे पाणी ढकलले जाते त्या बाजूला, घेतल्यास पंपाने निर्माण केलेला दाबही मोजला जातो आणि आकडा आरपीएमबरोबर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर) नाचतो. मी ती झाकण असलेल्या हेडर टँकवर (कूलंटच्या सर्वांत उंचावरच्या टाकीवर), वरच्या बाजूला घेतो, कारण तेथे पाणी असो वा वाफ, दाब सारखाच पोहोचतो. सेन्सर इंजिनावर लटकवू नये. तो फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक पडद्यावर) बसवून टँककडून बारीक छिद्राच्या फिटिंगमधून नळी आणावी, म्हणजे नळी तुटली तरी सगळे कूलंट एकदम वाहून जाणार नाही. कमी दाबाचा इशारा-दिवा थंड इंजिनावर पेटलेला राहणार आणि इंजिन तापताना विझणार. दिवा चालू असल्याची तपासणी त्यातच होते. संथ गळतीत मात्र अडकलेली हवा आणि वाफ बराच वेळ दाब टिकवून धरू शकतात, म्हणून टँकमध्ये पातळीचा फ्लोट स्विचही घालावा.

तापमान आणि दाब एकमेकांशेजारी वाचण्याची सवय ठेवावी. थंड इंजिन सुरू केल्यावर तापमान जेमतेम हलले असताना दाब झपाट्याने चढू लागला, तर ज्वलनाचा वायू सील ओलांडून पाण्यात शिरत आहे, असा संशय घ्यावा. आपल्या स्टँडवर ही परीक्षा फुकटात होते: रात्रभर पूर्ण थंड झालेल्या इंजिनाचे गेज सकाळी पाहावे. ते शून्याच्या वर उभे असेल आणि झाकण फडक्याने धरून सैल करताना फुसकारा आला, तर विमानात बसवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी हाउसिंग उघडावीत.